नाना आधी चेहरा पाहायचे

घड्याळ सुरू करण्याआधी नाना प्रत्येकीचा चेहरा पाहायचे. दीपनगरच्या वीज केंद्रात ते फिटर होते. पहिली पाळी संपली की वसाहतीच्या मैदानावर आम्हा सहा मुलींना पळायला शिकवायचे. एखादी रडून आलेली दिसली की कारण न विचारता तिला त्या दिवशी हलकं पळवायचे. मूळचे धुळ्याकडचे; मनातलं बोलायचं असलं की अहिराणीवर यायचे.

राज्य स्पर्धेत पंधराशे मीटरच्या प्राथमिक फेरीत एका मुलीने मला कोपर मारलं. पडता पडता वाचले आणि कशीबशी अंतिम फेरीत पोचले. तिथे तिला दाखवतेच, म्हणून मी धुमसत होते. शांत हो, असं नाना म्हणाले नाहीत. शेजारी येऊन बसले.

“राग शे ना? ऱ्हाऊ दे. पन शेवटना चक्करपर्यंत धरी ठेव.”

मी तसंच केलं. शेवटच्या चकरेत सुटले ती दुसरी आले आणि राष्ट्रीय स्पर्धेसाठी निवडली गेले. ती मुलगी कितवी आली, हे मला नंतर विचारावं लागलं.

नानांचंही एकदा चुकलं. यावलहून बसने येणारी संगीता आमच्यात सगळ्यांत वेगवान. ती लागोपाठ तीन दिवस उशिरा आली, तेव्हा सगळ्यांसमोर ते तिला म्हणाले, “तुला खेळायचंच नाही.” दुसऱ्या दिवसापासून ती आलीच नाही. तिची आई दवाखान्यात होती, हे आठवड्याने कळलं. नाना यावलला गेले, तिच्या वडिलांसमोर तिची माफी मागून आले आणि आम्हालाही सांगितलं, “मी घड्याळ पाहिलं, पोरगी पाहिली नाही.” संगीता परत आली नाही. हजेरीच्या वहीतलं तिचं नाव मात्र त्यांनी कधी खोडलं नाही.

नानांच्या पत्नी, आमच्या काकू, गेल्या, तेव्हा तेराव्यानंतर नाना मैदानावर आले. घड्याळ माझ्या हातात देत म्हणाले, “आज माझं डोकं ठिकाणावर नाही. उगाच कुणावर तरी ओरडेन. तू पळव यांना.” आणि कडेला बसून राहिले. मोठ्या माणसाने असं सरळ सांगितलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

मागच्या वर्षी ते निवृत्त झाले. क्वार्टर रिकामं करून धुळ्याला निघाले, तेव्हा आम्ही सगळ्या टेम्पोजवळ उभ्या होतो. आता ते काहीतरी उपदेश करतील असं वाटलं.

“वाईट वाटी ऱ्हायनं,” एवढंच म्हणाले आणि ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले.