जस्ताची बादली

नववीत सरांनी परीक्षानळीत जस्ताचा तुकडा टाकून वर सौम्य आम्ल ओतलं, तसे भराभर बुडबुडे आले. मी हरखून गेले. बादलीच्या पत्र्यालाही जस्ताचा मुलामा असतो, हे सरांनीच सांगितलं होतं. उरलेलं आम्ल मी न विचारता शाईच्या बाटलीत भरून घरी नेलं आणि कुणी नसताना आमच्या नव्या बादलीत ओतलं. बुडबुडे आले, पण तळाला काळपट डाग पडला. पुढे तिथेच गंजून भोक पडलं.

आईने नुकतीच लग्न होऊन आलेल्या काकीला बादली दाखवून विचारलं, "हीत कोकमाचा आगळ ठेवलंस मा गो?"

"नाय वयनी, देवाशपथ!"

आंबट आगळ पत्र्याला खातं, हे आईला ठाऊक होतं; तिचा विश्वास बसला नाही. मी शेजारीच तांदूळ निवडत होते. मान वर केली नाही. त्यानंतर आईने आगळाची बरणी काकीच्या हाती कधी दिली नाही.

आई म्हातारी झाल्यावर मी तिला खरं सांगितलं. ती म्हणाली, "माका सांगून काय उपेग? तिका सांग."

त्यानंतर मी दोनदा काकीकडे कुडाळला गेले. तेवढं सोडून सगळं बोलले.