सोफेवाल्यांचं भाडं आणि शब्द

"म्हणजे भाडं तुम्ही मध्येच वाढवणार आणि मी नंदीबैलासारखी मान डोलवायची?" सोफेवाले ओरडत होते. फोन स्पीकरवर टाकून मुलीने त्यांच्या तोंडासमोर धरला होता, कारण त्यांचे दोन्ही हात गोंदाने माखलेले होते.

"सर, आम्ही मेसेज पाठवला होता," पलीकडची बाई म्हणाली.

"पाठवलात. मी हो कधी म्हटलं? उद्या मी मेसेज पाठवतो, निम्मंच भाडं देणार म्हणून. चालेल?"

पलीकडे संगीत वाजू लागलं.

भांडण होतं पाणी शुद्ध करायच्या मशीनवरून. मशीन भाड्याचं, पैसे दर महिन्याला खात्यातून आपोआप जात. वर्षभर भाडं बदलणार नाही असं कंपनीने करारात लिहून दिलं होतं, आणि वर्ष अर्ध्यावर येतंय तोच जास्तीचे पैसे कापले गेले.

दुसऱ्या कुणी चार शिव्या घालून सोडून दिलं असतं. पण सोफेवाल्यांचा सोफे दुरुस्तीचा धंदा सगळा शब्दावर. गिऱ्हाइकाच्या सोफ्यावर ते एकदा बसायचे, बसल्या बसल्या दोनदा उसळी मारायचे आणि उठता उठता भाव सांगायचे. मग कापड उचकटल्यावर आत निम्म्या स्प्रिंगा मोडलेल्या निघोत, लाकूड भुसभुशीत निघो, भाव तोच.

"आधी आत बघावं, मग बोलावं," बायको म्हणायची.

"एकदा बोललो म्हणजे बोललो."

"हो ना. नाव तुमचं होतं, नुकसान आमचं."

संगीत थांबलं. आता साहेब आले होते. मुलीने आईच्या फोनवर करार काढून वडिलांच्या नाकासमोर धरला. सोफेवाल्यांनी ते वाक्य शाळेत धडा वाचावा तसं खणखणीत वाचलं आणि वर ग्राहक मंचाचं नाव घेतलं. साहेबांचा आवाज एकदम मऊ झाला.

"चूक आमची आहे. वर्ष संपेपर्यंत जुनंच भाडं घेऊ, जास्तीचे पैसे परत करू. तरीही मशीन नको असेल तर दंड न घेता घेऊन जाऊ, अनामतही देऊ. काय करायचं ते तुम्ही ठरवा."

"घेऊन जा!" सोफेवाले गरजले. "शब्द फिरवणाऱ्याची वस्तू माझ्या घरात नको."

"नक्की ना, सर?"

"मी दोनदा बोलत नसतो."

फोन बंद झाला. विळी बाजूला सारून बायको स्वयंपाकघराच्या दारात आली.

"बाबा, तुम्ही जिंकला होतात," मुलगी म्हणाली. "मग मशीन का दिलंत?"

"प्रश्न तत्त्वाचा होता."

"तत्त्व शेगडीवर चढत नाही," बायको म्हणाली, "पातेलं चढतं."

मशीन येण्याआधी ती रोज अंधारात उठायची. पाणी उकळायचं, निवायला ठेवायचं, फडक्याने गाळायचं, भरून ठेवायचं. मशीन आल्यापासून ती उजाडेपर्यंत झोपायची, मग खिडकीशी बसून गरम चहा प्यायची. लग्नानंतर पहिल्यांदाच तिचा चहा गरम असताना संपत होता. घरात हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

सोफेवाल्यांच्या ते आत्ता लक्षात आलं. त्यांनी गोंदाच्या बोटांनी डोकं खाजवलं आणि केस चिकटवून घेतले.

"आई, परत फोन लावू का?" मुलीने विचारलं. "सांगू की मशीन राहू द्या?"

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता. परत फोन करणं म्हणजे त्याला भर बाजारात कान धरून उभं राहण्यासारखं होतं, हे तिला ठाऊक होतं.

"नको," ती म्हणाली. "बाबा बोलले ना, मग मशीन जाईल. उद्यापासून पाणी बाबा उकळतील, बाबाच गाळतील, बाबाच भरतील. मी उजाडल्यावर उठणार आहे."