डाव्या पायाचा अंगठा

हर्माना इश्कोटला ओरुरो या उंचावरच्या खाणींच्या शहरात येऊन पाच महिने झाले होते. वस्तीतली कुत्री तिला वासावरून ओळखू लागली होती, माणसांना मात्र अजून वेळ लागत होता. लांब काळा स्कर्ट, त्याच्या आत एकावर एक चढवलेले दोन लोकरी मोजे, छातीवर नावाची काळी पट्टी आणि शेजारी कायम हर्माना थॉर्नटन. हर्माना म्हणजे बहीण. मॉर्मन पंथाच्या प्रचाराला निघालेल्या मुलीला दीड वर्ष याच नावानं हाक मारतात. तिचं देल्फिना हे नाव ग्वातेमालाच्या डोंगरातल्या घरी, आईपाशीच राहिलं होतं.

साडेसहाला उठायचं, गुडघे टेकून प्रार्थना करायची, धर्मग्रंथ वाचायचा आणि दहाला दोघींनी बाहेर पडायचं. एकीनं दुसरीला नजरेआड होऊ द्यायचं नाही हा नियम. थॉर्नटन यूटाची, ताडमाड उंच, वाऱ्यानं नाक सोललेली. तिचं स्पॅनिश ऐकून बाजारातल्या बायका एकेक शब्द तिच्याकडून दोनदा वदवून घेत आणि पोट धरून हसत. दार ठोठावलं की बहुतेक वेळा आतून आवाज येई, "मालकीणबाई घरी नाहीत." सांगणारी स्वतः मालकीणबाईच असे. मग पुढचं दार. दुपारी पंथातल्या कुणाच्या तरी घरी जेवण, काळ्या वाळवलेल्या बटाट्यांचं सूप, आणि पुन्हा नवी गल्ली.

इश्कोटला या कामाचा अभिमान होता. आपल्या गावातून प्रचाराला परदेशी गेलेली ती पहिलीच मुलगी. पण प्रचाराला निघून अकरा महिने झाले तरी तिच्या शिकवण्यातून एकाही माणसानं बाप्तिस्मा घेतला नव्हता. बरोबरच्या मुली बाप्तिस्म्याच्या पांढऱ्या कपड्यातल्या लोकांसोबतचे फोटो पाठवत. सोमवारी, सुट्टीच्या दिवशी, ती घरी फोन करी तेव्हा आई त्याबद्दल काही विचारत नसे. तिचं ते न विचारणंच इश्कोटला टोचत असे.

अशात सेनोबियो आजोबांनी दार उघडलं. वीज कंपनीची माणसं आली असावीत असं त्यांना वाटलं होतं. आजोबा एकाहत्तर वर्षांचे. उभी हयात त्यांनी खाणीत लाकडी टेकू लावण्यात घालवली होती. एका अपघातापासून डावा गुडघा वाकत नव्हता. ते ओळीखाली बोट ठेवून सावकाश वाचत आणि पटल्याशिवाय पान उलटत नसत. पंथाला वर्ज्य म्हणून त्यांनी तीन आठवड्यांत कॉफी सोडली, दोन महिन्यांत सिगारेट. अडलं ते पाण्यापाशी. त्यांचा धाकटा भाऊ खाणीत पाणी शिरलं तेव्हा बुडून गेला होता. तेव्हापासून आजोबा बादली आणि मगाच्या पुढं कधी गेले नव्हते. आणि बाप्तिस्मा घ्यायचा तर हौदात उतरून संपूर्ण पाण्याखाली जावं लागतं.

त्यांची मुलगी प्रिमितिवा बाजारात बटाटे विकायची. डोक्यावर गोल हॅट, कमरेला चुण्याचुण्यांचा घेरदार घागरा, आणि दर कार्निव्हलला कॅथलिक चर्चमधल्या माउलीपुढं नाचण्याचा नेम. बापाचं नवं खूळ तिला मान्य नव्हतं.

"आईनं चाळीस वर्षं अंघोळीसाठी हाका मारल्या, तेव्हा हलला नाहीत," ती म्हणाली. "या दोन पोरींनी सांगितलं तर बुडायला निघालात."

आजोबांनी इकडं लक्ष दिलं नाही. ते इश्कोटला म्हणाले, "पोरी, मी एकदा आत जाईन. पुन्हा उतर म्हणालीस तर तसाच घरी जाईन."

"एकदाच लागतं, आजोबा," तिनं शब्द देऊन टाकला.

शनिवारी दोघी सकाळपासून प्रार्थनाघरामागचा हौद घासत आणि भरत होत्या. एवढ्या उंचावरच्या थंडीत पाणी कोमट म्हणण्यापुरतंच झालं. दुपारी आजोबा पांढऱ्या कपड्यांत कठड्याला धरून पायऱ्या उतरले तेव्हा त्यांचे ओठ घट्ट मिटलेले होते. पाण्यात एल्डर वाल्दिव्हिया हा चिलीचा तरुण प्रचारक उभा होता. हौदाच्या दोन बाजूंना दोन साक्षीदार. प्रार्थनेचे ठरलेले शब्द जसेच्या तसे म्हटले गेले का आणि माणूस केसापासून नखापर्यंत पाण्याखाली गेला का, एवढंच त्यांनी पाहायचं. काही राहिलं तर सगळं पुन्हा करायचं. उजवीकडं मंडळीतले एक वयस्क गृहस्थ होते. डाव्या बाजूला इश्कोट हवी, असं आजोबांनीच सांगितलं होतं.

वाल्दिव्हियानं प्रार्थना म्हटली आणि आजोबांना मागं झुकवलं. डोकं गेलं, छाती गेली, आणि न वाकणारा डावा पाय तराफ्यासारखा वर आला. त्याचा अंगठा क्षणभर पाण्याबाहेर राहिला. मग आजोबा धापा टाकत उभे राहिले. थॉर्नटन रडू लागली, कुणीतरी गाणं सुरू केलं, फोटोसाठी फोन वर झाले. उजवीकडच्या गृहस्थांनी मान डोलावली. त्यांच्या बाजूनं पाय दिसतच नव्हता.

सगळे इश्कोटकडं पाहू लागले. मान हलवली असती तर तिचा पहिला बाप्तिस्मा झाला होता. बोलली तर हा माणूस कपडे बदलून घरी जाणार होता, आणि इतक्या महिन्यांची मेहनत पाण्यात.

"डावा अंगठा वर राहिला," ती म्हणाली.

गाणं थांबलं. प्रिमितिवा भिंतीपाशी हाताची घडी घालून उभी होती. ती म्हणाली, "म्हातारा माणूस कुडकुडतोय, आणि तुम्ही अंगठे बघत बसलाय?"

आजोबांनी हात करून तिला थांबवलं. "तू पाहिलास?" त्यांनी इश्कोटला विचारलं.

"हो."

"आणखी कुणी?"

"नाही, आजोबा."

"आणि बोलली नसतीस तर?"

"तर आत्ता तुम्ही कोरड्या कपड्यांत असता."

"तू शब्द दिला होतास."

"तो मोडला. तुमच्या गुडघ्याचा विचार न करता दिला, ही माझी चूक. तुम्ही घरी गेलात तरी मी तुम्हाला बोल लावणार नाही."

आजोबा पायऱ्यांपाशी येऊन कठडा धरून उभे राहिले. अंगातून पाणी निथळत होतं. मग कुणा एकाला उद्देशून नव्हे, सगळ्यांनाच ऐकू जाईल असं ते बोलले. खाणीत टेकू सैल आहे असं जो सांगतो, त्याच्यावर पाळीवरचे सगळे कामगार चिडतात, कारण काम खोळंबतं. पण दुसऱ्या दिवशी आत जाताना सगळे त्याच्याच मागून जातात. एवढं बोलून ते वळले आणि पुन्हा हौदाच्या मध्यावर जाऊन उभे राहिले.

वाल्दिव्हिया गोंधळला. पाय पुन्हा वर येणारच होता. तेवढ्यात प्रिमितिवानं हॅट काढून थॉर्नटनच्या हातात दिली, चपला सोडल्या आणि घागऱ्यासकट पायऱ्या उतरली. घागरा पाण्यावर फुगून पसरला.

"या अंगठ्याची नखं दर महिन्याला मीच कापते," ती म्हणाली. "त्याला मी बघते. तुम्ही बाकीचा माणूस बुडवा."

मंडळीच्या प्रमुखांनी जरा विचार केला आणि मान हलवली. पाय धरायला कुठं मनाई नव्हती. पुन्हा तीच प्रार्थना झाली, शब्दाला शब्द. इश्कोट ओल्या फरशीवर गुडघे टेकून पाण्यावर वाकली. केस, हात, पांढऱ्या कपड्याचं टोक, दोन्ही पाय, सगळं खाली होतं. आजोबा वर आले तेव्हा त्यांनी आधी तिच्याकडं पाहिलं. तिनं मान डोलावली, आणि मगच रडली.

पुढच्या आठवड्यात दोघी बाजारातून जात असताना आजोबा प्रिमितिवाच्या बटाट्यांपाशी स्टुलावर बसले होते. एक गिऱ्हाईक त्यांना चिडवत होतं की इतरांची पापं एका बुडीत जातात, तुमची जरा जास्तच दिसतात.

"पहिल्यांदा झालंच नव्हतं," आजोबा ताठ बसून म्हणाले. "सगळे झालं म्हणत होते. आमच्या या हर्मानानं पाहिलं, आणि तोंडावर सांगितलं."

गिऱ्हाईक वळून इश्कोटकडं पाहू लागलं. तिनं नावाची पट्टी सरळ केली.

"आणि पाय मी धरला होता," बटाटे तोलता तोलता प्रिमितिवा म्हणाली, "तेही सांगा."