ओवीच्या कानातला हरभरा

"हरभरा आहे," डॉक्टर म्हणाल्या, "आणि त्याला मोड आलाय."

मी नुसती स्क्रीनकडं बघत बसले. लोणावळ्यातलं छोटं हॉस्पिटल. मांडीवर साडेचार वर्षांची माझी ओवी, तिच्या कानाच्या तोंडाशी पेन्सिलीएवढी दुर्बीण, आणि समोरच्या टीव्हीवर तिच्या कानाची आतली बाजू. लालभडक सुजलेली कातडी आणि मधोमध ठासून बसलेला हरभरा, त्याच्या टोकाला पांढरा कोंब. मटकीला मोड आला नाही तर मी दिवसभर चिडचिड करते. इथं माझ्या लेकीच्या कानात मोड आला होता आणि मला पत्ता नव्हता.

"कानात पाणी कुणी मारलं?" डॉक्टरांनी विचारलं.

मी कामशेतच्या डॉक्टरांबद्दल सांगितलं. त्यांनी फक्त ओठ आवळले. मी त्यांच्या जागी असते तर टेबलावरची सगळी हत्यारं भिंतीवर फेकली असती.

मग त्यांनी समजावलं. याला फॉरेन बॉडी म्हणतात, म्हणजे शरीरात बाहेरून गेलेली वस्तू. मुलं कानानाकात काय वाट्टेल ते घालतात, त्यात नवल नाही. दाणा कोरडा असताना आणलं असतं तर बहुतेक इथंच खुर्चीत निघाला असता. पण कडधान्य पाणी पितं आणि फुगतं. आता तो कानाच्या पडद्याला टेकलाय. जागेपणी काढायला गेलं आणि मूल हललं, तर पडदा फाटू शकतो. म्हणून जनरल अ‍ॅनेस्थेशिया, म्हणजे पूर्ण भूल देऊन, मायक्रोस्कोपखाली काढायचा.

"मायनर प्रोसिजर आहे, आई. घाबरू नका."

"तिला ऐकू येईल ना नीट?"

"पडद्याची काय अवस्था आहे ते दाणा निघाल्यावर दिसेल. आत्ता खोटं सांगत नाही."

मायनर! ज्याच्या पोराला भूल द्यायची असते त्याला मायनर काय आणि मेजर काय.

आम्ही वडिवळ्याचे. भात निघाला की वावरात हरभरा करतो, खाण्यापुरता. यंदाचा अंगणात वाळत घातला होता. घराला लागून आमची पिठाची गिरणी आहे, ती मी चालवते. गिरणी चालू असली की ओरडूनच बोलावं लागतं, आणि बंद झाली तरी माझा आवाज काही खाली येत नाही. सगळ्या गावाला ठाऊक आहे.

शुक्रवारी ओवी मान वाकडी करून बसायला लागली. घास चावताना रडायची. मला वाटलं सर्दी झाली. शनिवारी सकाळी कानाला हात लावू देईना, तेव्हा तिला घेऊन कामशेतला गेले. जुने डॉक्टर, आमच्या घरातल्या सगळ्यांचे. त्यांनी बॅटरी मारली आणि म्हणाले, "मळ साठलाय, धुऊन टाकू." मोठी सिरिंज, त्यात कोमट पाणी. ओवी किंचाळली. तिचे दोन्ही हात मी घट्ट धरले, डोकं माझ्या छातीशी दाबलं आणि दरडावलं, "गप! एकदम गप बसायचं!" पाणी तीनदा मारलं. मळ निघाला नाही, कारण मळ नव्हताच. थेंब लिहून दिले. म्हणाले, चार दिवसांत मोकळा होईल.

त्यांचा राग मला आजही येतो. हातात धड बघायला साधन नाही, तर नाही म्हणून सांगा ना! "मला दिसत नाही, कानाच्या डॉक्टरकडं न्या," एवढं म्हणायला काय जातं? पण नाही. पेशंट घरचा, मग आपल्याला येत नाही हे कबूल कसं करायचं?

सोमवारी ताप चढला. मंगळवारी लोणावळ्याला कानाच्या डॉक्टर येतात असं शेजारणीनं सांगितलं, आणि मी गिरणीला कुलूप घालून निघाले. तिथं काय झालं ते वर सांगितलंच.

बुधवारी सकाळी नऊला ऑपरेशन ठरलं. आधी सहा तास पोटात काही नको. भुलीत उलटी झाली आणि ती श्वासनलिकेत गेली तर जिवावर बेततं, म्हणून. हे मी घरात प्रत्येकाला दोन-दोनदा बजावलं होतं. मी, नवरा संदीप, सासूबाई आणि ओवी, अशी चौघं गेलो. संदीप टाकव्याच्या कंपनीत सुपरवायझर आहे, चाळीस माणसांना शिस्त लावतो म्हणे. मी फॉर्म भरत होते तेवढ्यात ओवी भुकेनं रडायला लागली, आणि या शिस्तीच्या माणसानं खिशातून चॉकलेट काढून तिच्या तोंडात घातलं.

भूल देणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, "काही खाल्लंय का?" ओवीनं जीभ बाहेर काढून दाखवली. चॉकलेटी जीभ! ऑपरेशन दुपारी तीनवर गेलं.

"एवढंसं तर होतं," संदीप म्हणाला.

मी काय बोलले ते इथं लिहिता येणार नाही. पाय मुरगळलेला एक पर्यटक स्ट्रेचरवरून मान वर करून बघत होता, एवढंच सांगते.

मग वाट बघणं आलं. बारा वाजता कानाच्या डॉक्टर वॉर्डात आल्या. ओवीच्या पलंगावर बसल्या आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "हरभरा कशाला गं घातलास कानात?"

ओवीनं माझ्याकडं बघितलं. मग डॉक्टरांच्या गळ्यात हात टाकून त्यांच्या कानात कुजबुजली. बराच वेळ कुजबुजत होती. डॉक्टर हसत ऐकत होत्या, मग हसायच्या थांबल्या.

"काकाच्या कानात गाणी वाजतात ना, बारकं यंत्र घालून? तसं करून बघितलं म्हणतेय. गुरुवारी," त्या म्हणाल्या. मग सासूबाईंकडं वळल्या. "आजी, तुम्हाला सांगितलं होतं म्हणतेय ती. लगेच."

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला.

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. गुरुवार! शुक्रवार, शनिवार, रविवार, सोमवार, एवढे दिवस घरात एका माणसाला माहीत होतं?

"आत्या, तुम्हाला माहीत होतं?"

"म्या आकड्यानं काढाया गेले," सासूबाई म्हणाल्या. आकडा म्हणजे केसांचा. "तर त्यो आत सरकला. मग कोमट त्याल सोडलं. सकाळी बगितलं तर दिसंना. मला वाटलं, पडला आसंल कुटं."

"आणि मला सांगायचं नाही? शनिवारी डॉक्टरकडं निघाले तेव्हा तरी? नुसतं हरभरा एवढं म्हणाला असता, तर त्यांनी पाणी मारलं नसतं!"

"पोरगी पाया पडत व्हती माज्या," सासूबाई रडायला लागल्या. "आईला नगं सांगू, आईला नगं सांगू. तुज्या त्वांडाला भ्याली ती. आन खरं सांगू? मी बी भ्याले."

मी तोंड उघडलं होतं, ओरडायलाच. शब्द तयार होते, चांगले धारदार. पण ओरडणार कुणावर? माझ्या लेकीनं कान दुखत असताना गप्प बसणं पत्करलं होतं. पाणी मारताना मी तिला छातीशी दाबून धरलं, तेव्हाही ती बोलली नाही. बोलणार कशी? मीच गप म्हणाले होते.

मी बाहेर जिन्यात जाऊन बसले. मला माझाच इतका राग आला की हातातली पाण्याची बाटली पायरीवर आपटली. ती फुटली नाही, प्लास्टिकची होती. मग मी रडले.

पावणेतीनला ओवीला आत नेलं. दारापर्यंत मला जाऊ दिलं. तिच्या हाताला सुई, अंगात हिरवा ढगळ झगा. "आई, तू ओरडू नकोस हां डॉक्टरला," ती म्हणाली. त्या अवस्थेत पोरीला ती काळजी!

ऑपरेशनला वीस मिनिटं लागतात असं सांगितलं होतं. पन्नास लागली. सुजेमुळं दाणा अख्खा निघेना, तुकडे करून काढावा लागला. डॉक्टरांनी छोट्या डबीत ते तुकडे आणून दाखवले. मग म्हणाल्या, "परफोरेशन आहे." म्हणजे पडद्याला भोक. आकड्यानं पडलं की पाण्याच्या जोरानं, ते आता कळायला मार्ग नाही. लहान आहे, बहुतेक आपोआप भरेल. दीड महिना कानात पाण्याचा थेंब जाऊ द्यायचा नाही. मग ऐकण्याची तपासणी. भरलं नाही तर पुढं पडद्याचं ऑपरेशन, तेही मोठी झाल्यावर.

दीड महिना! रोज अंघोळीला व्हॅसलीन लावलेला कापसाचा बोळा कानात, डोकं मागं, एकेक तांब्या हिशेबानं. आणि रोज मी तिच्या पाठीमागून हळूच हाक मारून बघायची. कधी वळायची, कधी नाही. नाही वळली की मी परत हाक मारायची. खेळाच्या नादात वळली नाही की ऐकूच आलं नाही, कसं समजायचं?

या दीड महिन्यात गावातलं येणारंजाणारं प्रत्येक माणूस औषध सांगून गेलं. लसणाचं तेल घाल. तुळशीचा रस पिळ. एका मावशींनी तर बाटलीच आणली होती. मी बाटली त्यांच्या हातात परत दिली आणि हात जोडले. तुम्हालाही हात जोडूनच सांगते. मुलाच्या कानात काही गेलं, तर त्याच्यामागून दुसरं काही घालू नका. आकडा नको, काडी नको, तेल नको, आणि दाणा असेल तर पाणी अजिबात नको. (जिवंत किडा गेला तर डॉक्टर तेल चालतं म्हणाल्या, पण पडदा धड आहे हे माहीत असेल तरच.) सरळ कानाच्या डॉक्टरकडं जा. आणि घरातल्या लहानथोरांपैकी कुणी तुम्हाला काही सांगायला घाबरतंय का, ते बघा. हे मी कुणाला शिकवत नाही. मला शिकायला एक पडदा फाटावा लागला.

तपासणीच्या दिवशी ओवीला काचेच्या खोलीत बसवलं. याला ऑडिओमेट्री म्हणतात, म्हणजे किती हळू आवाज ऐकू येतो ते मोजणं. डोक्यावर मोठे हेडफोन, समोर रंगीत ठोकळे. कानात आवाज आला की एक ठोकळा टोपलीत टाकायचा. मी काचेबाहेर. मला कुठलाच आवाज ऐकू येत नव्हता, मी फक्त तिच्या हाताकडं बघत होते. चांगल्या कानाला पटापट ठोकळे पडले. मग दुखऱ्या कानाची पाळी. हात हलेना. मी देवाचं नाव घेत होते, मधेच स्वतःला शिव्या देत होते. मग पहिला ठोकळा पडला. दुसरा. बराच वेळ काही नाही. मग तिसरा, चौथा.

डॉक्टरांनी आलेख बघितला, दुर्बिणीतून कान बघितला. "भोक भरलंय. अगदी हळू आवाजाला थोडं कमी आहे, पण ते सुधारेल. तीन महिन्यांनी परत बघू."

मी त्यांचे हात धरले. आभार मानायचे म्हटलं तर शब्द फुटेना. मी, जिचा आवाज दोन आळ्या पलीकडं जातो!

खाली उतरून गेटपाशी आलो, तर ओवी थांबली.

"आई, एक सांगू? ओरडशील?"

खोटं बोलायचं नाही असं मी ठरवलं होतं. "ओरडेन बहुतेक. पण सांग."

तिनं फ्रॉकच्या खिशातून लाल ठोकळा काढला. काचेच्या खोलीतला.

मी ओरडले. नाही कशी ओरडणार? चोरी केलीस, दुसऱ्या मुलांनी काय वापरायचं, डॉक्टर काय म्हणतील, सगळं बोलले. रिक्षावाला वळून बघायला लागला. ओवी तिथंच उभी होती, ठोकळा घट्ट धरून. रडली नाही. माझ्याकडं बघत वाट बघत राहिली.

"झालं?" तिनं विचारलं.

"झालं," मी म्हणाले.

मग आम्ही दोघी ठोकळा परत द्यायला वर गेलो.