ओल्या पॉलिशला हात

"उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग," सासरचे तिला हसत म्हणायचे, आणि तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. हसणाऱ्यांचं काय जातंय! लाकडाला पॉलिश करणारा तिचा नवरा म्हणजे डोक्याआधी हात चालवणारा माणूस. मनात आलं की नोकरी सोडली, मनात आलं की परक्याच्या भांडणात उडी. दारूचंही तेच. दुःख विसरायला वगैरे नाही. समोर दिसली, हात गेला, संपलं. मग सकाळी स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यायचा. शेवटी तिने सांगून टाकलं, "आता एकदा जरी प्यालात, तर मी पोरीला घेऊन चालले." तेव्हा कुठे तो व्यसनमुक्ती केंद्रात उपचाराला गेला.

थोरल्या दिराकडे औषध एकच होतं: "मन घट्ट कर." केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या आणि वेगळंच विचारलं, "कामात कधी थांबता का हो?"

"पॉलिश ओलं असलं की थांबावंच लागतं. नाहीतर बोट उमटतं. सगळं घासून पहिल्यापासून करा."

"मग तलफ आली की समजायचं, ओलं आहे. वाळेपर्यंत लांब जायचं. शेजारी राखण करत बसायचं नाही."

त्याला ते पटलं. पूर्ण उन्हाळा तो कोरडा राहिला. आणि त्याचं कौतुक म्हणून दिराने जेवायला बोलावलं, चार मित्र जमवले आणि भरलेला ग्लास याच्यासमोर ठेवला.

"धर हातात, आणि सगळ्यांसमोर नको म्हण. बघू तरी किती सुधारलास!"

मित्र खिदळले. नवऱ्याची बोटं गुडघ्यावर नाचायला लागली. ती बोटं तिला पाठ होती.

"ओलं आहे," तो पुटपुटला. खुर्ची पाडून उठला आणि अनवाणीच दाराबाहेर गेला.

"पळपुटा!" दीर म्हणाला. "मन घट्ट नाहीच त्याचं."

"नाहीच आहे!" ती कडाडली. "ठाऊक आहे ना तुम्हाला? मग खपली काढून जखम भरली का बघता? सख्खे भाऊ ना तुम्ही?"

"अगं, गंमत केली."

"तुमचा खेळ होतो, भाऊजी, आणि आमचा जीव जातो." तिने ग्लास मोरीत ओतला. लेकीचा हात धरला, दारातल्या त्याच्या चपला उचलल्या आणि जेवण तसंच टाकून निघाली.

तो कोपऱ्यावर भिंतीला टेकून, मुठी काखेत दाबून उभा होता.

"सगळ्यांसमोर पळालो गं," तो खाली बघत म्हणाला. "चपलासुद्धा घातल्या नाहीत."

तिचा राग अजून उतरला नव्हता. तिने चपला त्याच्या पायाशी आपटल्या.

"घाला. आणि पुढच्या वेळीही असेच पळा. चपलांसाठी थांबलात तर याद राखा."