द्वोमो फिटर आणि निळ्या गाडीची गळती

द्वोमो माझ्या नवऱ्याचा भाचा, सख्ख्या बहिणीचा थोरला मुलगा. आम्हा असांते लोकांत माणूस गेला की त्याचं जे काही असेल ते मुलांकडे नाही, भाच्याकडे जातं. तेव्हा हा माणूस दारात उभा राहिला की माझी नजर आधी कपाटाकडे का जाते ते बायकांना वेगळं सांगायला नको.

कुमासीत गाड्या दुरुस्त करणाऱ्यांची जी मोठी वस्ती आहे, त्या सुआमे मॅगझीनमध्ये त्याची शेड आहे. वय चौपन्न, बुटका, मान जाड, आणि आवाज असा की प्रार्थनेत 'आमेन' म्हणाला तरी भांडतोय असं वाटावं. तीस वर्षं तो गाड्यांखाली पडून आहे आणि फक्त गिअरबॉक्स करतो. इंजिनाला हात लावत नाही. ब्रेकचं विचारलं तर समोरच्या शेडकडे बोट दाखवतो. एकदा एक वकीलसाहेब म्हणाले, "माझा दुसरा फिटर म्हणत होता की..." द्वोमोने त्यांना वाक्य पुरं करू दिलं नाही. "मग त्याच्याकडेच न्या," म्हणाला आणि उघडलेले बोल्ट तिथल्या तिथे परत लावून दिले. त्याची बायको टेचिमानला माहेरी गेली ती परत आली नाही. तिचा मला कधी राग आला नाही.

माझ्या घरी तो यायचा तेव्हा रीत मात्र एवढीही चुकवायचा नाही. उजव्या हाताने, उजवीकडून सुरुवात करून सगळ्यांशी हात मिळवायचा. मग मी पाण्याचा ग्लास पुढे करायची आणि तो ग्लास तसाच स्टुलावर ठेवून द्यायचा. अकरा वर्षं हे चाललं. आलेल्या माणसाने घरचं पाणी नाकारणं म्हणजे काय, हे त्यालाही कळत होतं आणि मलाही. पण सुरुवात माझीच. माझ्या नवऱ्याला, म्हणजे टीचर अग्येकुमना, अर्धांगाचा झटका आला त्या आठवड्यात हा तीनदा आला आणि सगळ्या नातेवाइकांसमोर मी म्हणाले, "गिधाडं लवकर पोचतात." त्याने ऐकलं. तेव्हापासून पाणी बंद.

झटक्याने टीचरांचा डावा पाय गेला. पण त्यांची निळी जर्मन गाडी ऑटोमॅटिक आहे, तिला क्लच नाही, डावा पाय लागतच नाही. हेडमास्तर झाले तेव्हाची गाडी. काठी मागच्या सीटवर टाकून ते स्वतः चर्चला जातात, बाजारात मला सोडतात. त्या गाडीत बसले की ते आजारी नसतात.

फेब्रुवारीत गाडीखाली लाल तेलाचा ठिपका दिसला. मी बाजारातून परत आले तर माझ्या अंगणात, माझ्या गाडीखालून द्वोमोचे पाय बाहेर आलेले. टीचरांनी मला न विचारता त्याला बोलावलं होतं.

"गास्केट जुनं झालंय, मामा," तो खालूनच म्हणाला. "पाझरतंय. आठवड्याला दोन थेंब म्हणजे काही नाही. खाली पुठ्ठा टाका आणि हात लावू नका."

हात लावू नका म्हणणारा हा कोण? दुसऱ्या दिवशी पहाटेच्या प्रार्थनेनंतर मी कपाटातून आशीर्वादाच्या तेलाची बाटली काढली. ऑलिव्हचं तेल, पास्टरांनी त्यावर हात ठेवून प्रार्थना केलेली. त्याच तेलाने मी रोज टीचरांचा पाय चोळत होते आणि पायाला ऊब आली होती, हे मी स्वतः अनुभवलेलं. गिअरचं तेल बघायची पट्टी काढली आणि त्या नळीतून अर्धी बाटली ओतली. देवबापाला म्हणाले, ही गाडी बंद पडू देऊ नकोस. पुढच्या आठवड्यात ठिपके वाढले, मी पुरी बाटली ओतली. त्याच्या पुढच्या आठवड्यात आणखी एक. मग गाडीखाली थारोळंच साचायला लागलं.

प्रार्थना केलेल्या तेलाने वाईट होणं शक्य नव्हतं. म्हणजे वाईट कुणीतरी केलं होतं. गाडीखाली कोण शिरलं होतं, ते मी डोळ्यांनी पाहिलेलं.

गुरुवारी चर्चच्या स्त्री मंडळात मी उभी राहून बोलले, "भाच्याने बोल्ट सैल केलाय. मामा मरेपर्यंत दम निघत नाही त्याला." सिस्टर कोनामाने तोंडावर हात ठेवला. कोनामाने तोंडावर हात ठेवला की गोष्ट दुपारपर्यंत मॅगझीनला पोचते.

पोचली. ड्रायव्हर लोक म्हणायला लागले, जो मामाच्या गाडीचा बोल्ट ढिला करतो तो परक्याच्या गाडीत काय ठेवील? द्वोमोच्या शेडमध्ये तीन गाड्यांची जागा. ईस्टरपर्यंत तिथे कोंबड्या फिरत होत्या.

ईस्टरनंतरच्या शनिवारी सकाळी तो आला. हात मिळवले. पाणी स्टुलावर ठेवलं.

"मामा, गाडी शेडवर घ्या. हळू चालवा. मामी, तुम्हीही चला."

"मी कशाला?"

"बोल्ट कुठला ते दाखवायला."

शेडवर आजूबाजूचे फिटर आधीच जमले होते. वेल्डर सेइदूने टीचरांना खुर्ची दिली. मला कुणी दिली नाही. द्वोमोने गाडी लाकडी ओंडक्यांवर चढवली, खालून रॉकेलने धुतली, फडक्याने कोरडी केली. मग लहान बाळांना लावतात ती पांढरी पावडर हातात घेऊन सगळ्या गिअरबॉक्सवर उडवली.

"लग्नाला चाललीय काय रे गाडी?" सेइदू म्हणाला. माणसं हसली. दोघांनी टीचरांना धरून गाडीत बसवलं.

"मामा, चालू करा. ब्रेक दाबून ठेवा." मग माझ्याकडे बघून, "मामी, खाली वाका. चांगलं बघा. नंतर म्हणाल, अंधार होता."

मी नवा झगा गुडघ्यांत आवळून वाकले. पांढऱ्या पावडरीवरून एक लालसर रेघ उतरत होती. ती गिअरबॉक्सच्या तळाला तेलाचं जे तसराळं असतं त्याच्या बोल्टांपासून निघालेली नव्हती. पार वरून, जिथे गिअरबॉक्स श्वास घेतो त्या छोट्या तोटीतून, फेस उतू जात होता.

"बोल्ट खाली आहेत," द्वोमो म्हणाला. "तेल वरून येतंय. आता बोला."

मी झगा झटकत उठले.

इंजिन थंड होईपर्यंत त्याने सगळ्यांना थांबवलं. मग तसराळ्याचे बोल्ट एका कोपऱ्याकडून ढिले केले. तेल घमेल्यात पडायला लागलं. लाल नव्हतं, गुलाबी होतं, साबणाच्या पाण्यासारखं. त्याने घाई केली नाही, थेंब थांबेपर्यंत उकिडवा बसून राहिला. मग बोट बुडवून वास घेतला आणि घमेलं सेइदूपुढे केलं.

"हे गिअरचं तेल नाही," सेइदू म्हणाला. "हे तर सॅलडवर घालतात ते."

"इतकं गळूनही मावतं त्याहून बाटलीभर जास्त आहे," द्वोमो म्हणाला. "जास्त झालं की घुसळून फेस होतो, फेस वरून उतू जातो. कुणीतरी ओतलंय." त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. टीचर मात्र माझ्याकडेच बघत होते. मी गप्प राहिले असते तर चाललं असतं. ओतताना मला कुणी पाहिलं नव्हतं. पण पहाटे ज्या देवबापासमोर ओतलं, त्याने पाहिलं होतं.

"मी ओतलं," मी म्हणाले. "प्रार्थनेचं तेल आहे ते."

मॅगझीनमध्ये असं हसू मी कधी ऐकलं नव्हतं. एक जण म्हणाला, "मग रिव्हर्स टाकल्यावर गाडी स्वर्गात जाते का, मम्मा?"

द्वोमो हसला नाही. "प्रार्थनेवर माझा राग नाही, मामी. तुमच्या तोंडावर आहे. तीस वर्षांचं माझं नाव तुम्ही एका गुरुवारी बुडवलंत."

मग त्याने काम केलं. तसराळं घासून लख्ख केलं, आतल्या चुंबकाला चिकटलेला लोखंडाचा काळा चिखल पुसला, कॉर्कच्या पातळ तावातून नवं गास्केट कापलं. बोल्ट आधी बोटांनी लावले, एक या कोपऱ्याचा, एक त्या समोरच्या, मग आखूड पान्याने जेमतेम फिरवले.

"एवढंच आवळतोस?" माझ्या तोंडून निघालं.

"जास्त आवळलं की पत्रा वाकतो आणि मग खरंच गळतं. तुम्हाला सगळंच आवळून धरायची सवय."

ऑलिव्हचा अंश राहू नये म्हणून त्याने नवं तेल भरून, गाडी चालवून ते पुन्हा काढलं. असं दोनदा. तिसऱ्यांदा भरल्यावर इंजिन चालू ठेवून दांडा एकेका गिअरवर नेला, पट्टी पुसून पाहिली. रात्रभर गाडी शेडमध्ये ठेवली. सकाळी खालचा पुठ्ठा कोरडा होता.

टीचरांनी दोन दिवस मला गाडीत घेतलं नाही. मग म्हणाले, "वडीलधाऱ्यांना घेऊन जा. रीतीने माफी माग." मी त्यांच्या थोरल्या चुलत्यांना पुढे घातलं, अंड्यांची परडी आणि एक कोंबडा घेतला आणि द्वोमोच्या शेडवर गेले. चुलते माझ्या वतीने सगळं बोलले, अगदी गोड शब्दांत.

द्वोमो हात पुसत उभा राहिला. "नाना, तुमचा मान मोठा. पण हे परत न्या. मामींवरचा माझा राग मला चालतो, त्याला मी सरावलोय. पण इथे माफी मागून माझं गेलेलं गिऱ्हाईक परत येत नाही, आणि ही अंडी खाऊनही येत नाही." मग पहिल्यांदा थेट माझ्याकडे वळला. "जिथे बोललात तिथे बोला. उभं राहून. मोठ्याने."

त्या गुरुवारी भजन संपल्यावर मी उठले. कोनामा म्हणाली, "बसा ना सिस्टर फोसुआ, आता पास्टरीणबाई बोलणार आहेत."

"आधी मी," मी म्हणाले. "द्वोमोने बोल्ट सैल केला नव्हता. गिअरबॉक्समध्ये मी तेल ओतलं, त्याने गाडी बिघडली, ती त्याने नीट केली. मी त्याच्यावर खोटा आळ घेतला."

मागच्या बाकावर कुणी तरी फिसकन हसलं. कोनामाने विचारलं, "म्हणजे आता तुमचं गोड झालं का?"

"नाही. मला तो आवडत नाही. त्यालाही मी आवडत नाही. पण तो चोर नाही, आणि कुमासीत त्याच्यासारखा गिअरबॉक्सवाला नाही. हे घरी जाऊन सांगा. तेही दुपारपर्यंत पोचू दे."

पुढच्या बुधवारी मला बाजारात सोडताना टीचरांनी गाडी मॅगझीनच्या रस्त्याने नेली. द्वोमोच्या शेडमध्ये दोन गाड्या उभ्या होत्या आणि त्यातली एक कोनामाच्या भावाची टॅक्सी होती. टीचरांनी हॉर्न दिला. द्वोमोने त्यांना हात केला, मला पाहिलं, पाठ वळवली आणि टॅक्सीखाली सरकला.