मधली शटल

"ही जोडी फोडा सर. गौरीला एखादी उंच पार्टनर द्या." क्लबचे सेक्रेटरी कोर्टच्या कडेला उभे राहून मला सांगत होते. राज्य स्पर्धा महिन्यावर आली होती.

मी भिंगारला बॅडमिंटन कोच आहे. देवळाली प्रवराची गौरी आणि आमच्या भिंगारचीच रुखसाना शाळेपासून माझ्याकडे दुहेरी खेळायच्या. दुहेरीत एकीनं पुढं जाळीशी राहायचं, दुसरीनं मागं, आणि खेळ फिरला की जागा बदलायच्या. त्याला रोटेशन म्हणतात. या दोघींचं रोटेशन म्हणजे फुगडी होती. पण त्या हंगामात मधली शटल पडायला लागली. दोघींच्या बरोबर मधून येणारी. ती घेणारीनं "माझी!" म्हणून ओरडायचं असतं. दोघीही गप्प.

तेव्हा आमच्याकडे मेई होती. चीनची निवृत्त दुहेरी खेळाडू, शिबिरासाठी आलेली. मुली तिला मेईताई म्हणायच्या. शेंगदाण्याची चटणी ती नुसतीच खायची. आणि मराठीतले पहिले दोन शब्द शिकली ते "माझी" आणि "तुझी".

मी तिला विचारलं, "जोडी ठेवू की फोडू?" मला वाटलं, ठेव म्हणेल.

ती मोडक्या इंग्रजीत सांगू लागली. लहानपणीच प्रांताच्या संघानं तिला उचललं. एका मुलीबरोबर जोडी जमली. एक खोली, एक जेवणाचं टेबल. दोघी देशाच्या संघात पोचल्या. एका सकाळी कोचनं नव्या जोड्या जाहीर केल्या. मेईबरोबर दुसरंच नाव.

"मग?"

"मग मी जास्त जिंकले. मेडल मिळाली. कोच बरोबर होते." ती बुटाची नाडी बांधत राहिली. "पण आम्हाला कुणी विचारलं नाही. पुढं ती जाळीपलीकडं असायची. हात मिळवायचो, बोलायचो नाही. मला वाटायचं, तिनंच मला सोडलं. तिला वाटायचं, मी. हे कळलं तेव्हा दोघी निवृत्त झालो होतो."

मग म्हणाली, "या दोघींना विचारलंस?"

आम्ही दोघींना बोलावलं. गौरी रॅकेटची ग्रिप उलगडत म्हणाली,

"सर, मला एकेरी खेळायचंय. लई दिवसांपासून मनात हाय. पन रुखसानाचं काय हुईल, म्हनून बोलले न्हाई."

"मला कवाच कळलं होतं," रुखसाना म्हणाली. "तू सांगशील म्हणून थांबले मी." आणि तिनं हातातला नॅपकिन गौरीला फेकून मारला. डोळे मात्र भरले होते.

सेक्रेटरी वैतागले. "अहो, पण राज्य स्पर्धेचं काय?"

"ही एक स्पर्धा एकत्र," मेई म्हणाली. "मग सोडा."

त्या स्पर्धेत दोघी इतक्या ओरडल्या की अंपायरनं समज दिली. मधली शटल क्वचितच पडली. सेमीफायनलला हरल्या, तिसऱ्या गेममध्ये. हरूनही हसत बाहेर आल्या.

आता गौरी विद्यापीठाकडून एकेरी खेळते. रुखसाना नव्या पार्टनरबरोबर राज्याच्या संघात आहे. मेई तिच्या गावी मुलांना शिकवते. माझ्याकडे त्यानंतर बऱ्याच जोड्या आल्या, चांगल्या खेळल्या. पण संध्याकाळी हॉलचे दिवे लावताना मला अजून तीच फुगडी दिसते.

जोडी कोच जुळवतो, हे खरं. पण कोर्टवर खेळाडू दोघीच असतात. कोचची खुर्ची रेषेबाहेर असते, ती उगाच नाही.